उभी चीर, आडवी चीर

माझ्या आत्याने आयुष्यभर काय केलं असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे. तिने सव्वीस वर्षं फुगे फोडले. वाढदिवसाचे नव्हेत. हृदयाची रक्तवाहिनी आतून अरुंद झाली की डॉक्टर मनगटातून किंवा जांघेतून एक लांबलचक बारीक नळी आत सरकवतात, आणि तिच्या टोकाला एक फुगा गुंडाळलेला असतो, तांदळाचे दोन दाणे एकापुढे एक ठेवावेत एवढा. अडलेल्या जागी पोचला की तो बाहेरून दाब देऊन फुगवायचा, वाट रुंद करायची, रिकामा करायचा आणि काढून घ्यायचा. आमचा कारखाना त्या नळ्या बनवतो. त्यातले काही फुगे माणसाच्या अंगात न जाता इथेच, आमच्या डोळ्यांसमोर फुटावेत, यासाठी आत्याला पगार मिळायचा.

ती लागली तेव्हा तिला सगळे बाई म्हणत. अकरा वर्षांपूर्वी मी डिझाइन विभागात लागलो, पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत सवयीने "आत्या" अशी हाक मारली, आणि तेव्हापासून सगळा कारखाना तिचा भाचा झाला. साहेबसुद्धा. साहेब तिच्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत, पण त्याचं त्यांना काही वाटत नाही.

त्याआधी ती एका शिंप्याच्या दुकानात होती. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" एवढंच सांगायची, जणू काही बाजारात जायचं राहून गेलं. राहते आमच्याच घरात, मागच्या खोलीत. तिने मला लहानपणी मारलेलंही आहे आणि माझी फीसुद्धा तिनेच भरलेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिताना मी फार तटस्थ राहीन अशी अपेक्षा ठेवू नये.

तिचं टेबल खिडकीपाशी होतं. टेबलावर अंगाइतकं कोमट पाणी भरलेली छोटी टाकी, तिच्यावर जाड पारदर्शक झाकण, बाजूला हाताने फिरवायचा पंप आणि दाब दाखवणारी तबकडी. फुगा पाण्यात सोडायचा, झाकण लावायचं, पंप फिरवायचा. आकडा चढत जातो. मग टप् असा आवाज येतो, चिमूटभर. फुटला म्हणजे वाईट, असं नाही. शेवटपर्यंत दाब दिला तर कुठलाही फुगा फुटणारच. बघायचं ते दोनच गोष्टींसाठी: किती दाबाला फुटला आणि कसा फुटला. वाटाण्याची शेंग उकलते तशी लांबीच्या दिशेने चीर पडली तर ती उभी. असा फुगा अंगात फुटला तरी अख्खाच्या अख्खा परत ओढून काढता येतो. चीर गोल, कंबरेभोवती पडली तर ती आडवी. मग फुग्याचा पुढचा अर्धा भाग पायातून मोजा निघावा तसा नळीवरून निसटू शकतो, आणि तो निसटून राहणार कुठे, तर माणसाच्या हृदयाच्या वाहिनीत. उभी चीर पडली तर डॉक्टर आपल्याला शिव्या देतो, आडवी पडली तर देवाचं नाव घेतो, असं आत्या नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगायची.

प्रत्येक लॉटमधले साठ फुगे ती फोडायची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तीच ही, फक्त आमची शितं साठ. साठच्या साठ उभे फुटले पाहिजेत. एक जरी आडवा गेला तर लॉट जागच्या जागी थांबतो. याला अपवाद एकच: दोष फुग्याचा नसून फोडणाऱ्याच्या हातून काही लागलं, खरचटलं, असं ठरलं तर तो नग बाद करून त्याच्या जागी दुसरा घेता येतो. कागदावर त्यासाठी एक रकाना आहे, "हाताळणीतील चूक". सव्वीस वर्षांत आत्याने तो रकाना नऊ वेळा भरला होता, आणि नऊही वेळा स्वतःहून.

आता माझ्याबद्दल. त्या वर्षी जो नवा फुगा निघाला तो माझा होता. माझा म्हणजे कंपनीचा, पण रात्रंदिवस डोक्यात घेऊन मी फिरत होतो. वाहिनी इतकी बुजलेली असते की बाजारातला कुठलाच फुगा तिच्यातून पार होत नाही, अशा रुग्णांसाठी तो होता. फुग्याची भिंत केसाच्या चौथ्या हिश्शाइतकी पातळ. तीन पाकळ्या करून नळीभोवती इतक्या घट्ट गुंडाळलेल्या की सुईच्या नेढ्याला लाज वाटावी. गुंडाळी उलगडू नये म्हणून वरून एक बारीक प्लास्टिकची नळी चढवतात, तिला आम्ही म्यान म्हणतो. वापरायच्या आधी म्यान ओढून काढायचं. माझा फुगा बारीक, म्हणून त्याचं म्यानही घट्ट. प्रयोगशाळेत मी स्वतः चाळीस फोडले होते. चाळीसच्या चाळीस उभे.

त्या मंगळवारी पहिला लॉट दुपारी चार वाजता निघायचा होता. एका रुग्णालयात तिघे जण या फुग्यासाठी दोन आठवडे थांबले होते आणि बुधवारी सकाळी त्यांची पाळी लावलेली होती. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. पुढे मी जे केलं त्यामागे हे तिघे होते असं मी त्या दिवशी स्वतःला दहा वेळा सांगितलं, म्हणून सांगतो.

सकाळी दहाला सहीबाईंचा फोन आला. सहीबाई म्हणजे तपासणी विभागाच्या प्रमुख. त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातून टाचणी बाहेर जात नाही, म्हणून हे नाव. त्या म्हणाल्या, "खाली या. एकेचाळिसावा आडवा गेला."

मी जिने उतरलो ते कसे उतरलो मला आठवत नाही. आत्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. फुटलेला फुगा सूक्ष्मदर्शकाखाली होता. मी डोळा लावला. चीर गोल होती, कात्रीने कापल्यासारखी, आणि तिच्या शेजारून, फुग्याच्या कंबरेभोवती, एक बारीक ओरखडा गेलेला होता.

ओरखडा पाहिला आणि माझ्या जिवात जीव आला. ओरखडा म्हणजे फुग्याचा दोष नव्हे. ओरखडा म्हणजे हात.

आणि हाताबद्दल मला एक गोष्ट माहीत होती, जी कारखान्यात कोणाला माहीत नव्हती.

माझे आजोबा, आत्याचे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. उतारवयात त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि दोन वर्षं त्यांनी तो टेबलाखाली लपवला. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आत्याने स्वतःचा चहाचा कप अर्धाच भरला तेव्हा मी बघितलं. दुसऱ्या दिवशीही अर्धा. मग रोजच. आम्हाला काठोकाठ, स्वतःला अर्धा. दोन वेळा प्यायची, पण एका वेळी अर्धाच. कारखान्यात ती कोपर टेबलावर टेकवायची, मनगट कडेला दाबून धरायची आणि काम करायची, तेव्हा हात दगडासारखा असायचा. घरी तिला इतकं सांभाळायची गरज वाटत नव्हती.

"अजून एकोणीस राहिलेत," आत्या म्हणाली. "ते फोडते. मग काय ते बोलू."

ती फोडत गेली आणि मी तिच्या मागे उभा राहिलो. माणसाच्या मागे असं उभं राहू नये हे मला कळतं, तरी हललो नाही. ती पाकीट फाडायची, नळी काढायची, कोपर टेकवायची, श्वास धरून म्यान ओढायची. म्यान सहज निघत नव्हतं. दोनदा तिने हात खाली ठेवला आणि बोटं मिटून-उघडून पुन्हा धरलं. तबकडीवर बारा, चौदा, सोळा. सोळापर्यंत टिकला पाहिजे. अठरा, वीस, एकवीस. टप्. उभी. पुन्हा पाकीट. बारा, चौदा. मी मनातल्या मनात आकडे म्हणत होतो. टप्. उभी. साडेअकराला साठावा फुटला. उभा.

साठात एक. अशा वेळी एक हा आकडा फार वाईट. दोन असते तर वाद नव्हता.

दाराबाहेर मी तिला गाठलं. "आत्या, लिही ना, हात घसरला म्हणून."

"घसरला का?"

"मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही. म्हणून तर लिहीत नाही." ती माझ्याकडे न बघता टोपी काढत होती. "खात्री झाली की लिहीन. मला कोणाची भीती आहे?"

"तिघे जण थांबलेत तिकडे."

"ठाऊक आहे मला. खोक्यांवरचा पत्ता तू एकट्यानेच वाचलास असं समजू नकोस, शहाण्या."

असं म्हणून ती गेली, ती दोन वाजेपर्यंत दिसली नाही. मला वाटलं, कुठेतरी बसून रडत असेल. तिला रडताना मी कधीही पाहिलेलं नाही, तरी मला तसंच वाटलं, कारण मला ते सोयीचं होतं.

दोनला साहेबांच्या खोलीत बैठक होती. त्याआधी, एकला, मी एकटाच साहेबांकडे गेलो. दार लावून घेतलं. आणि सांगितलं की आत्याचा हात दोन वर्षांपासून थरथरतो. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "नक्की?" म्हणाले. मी म्हणालो, "घरातलं माणूस आहे, मला नाही कळणार तर कोणाला?" हे वाक्य मी तेव्हा मोठ्या समजुतीने बोललो होतो. आज आठवलं की जीभ कापून टाकावीशी वाटते.

दोनला चौघं बसलो: साहेब, सहीबाई, आत्या आणि मी. आत्याच्या हातात एक पत्र्याचा डबा होता, तो तिने पायाशी ठेवला. साहेब माणूस सज्जन आहेत, त्यांना कोणाला दुखवणं जमत नाही, त्यामुळे ते हळूहळू दुखवतात.

"आत्या, गैरसमज करून घेऊ नका," ते म्हणाले. "तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. पण हाताला काही त्रास वगैरे होतो का अलीकडे?"

आत्याने साहेबांकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे, हिशोब जुळत नसताना माणूस शेवटची ओळ पुन्हा वाचतो तसं. कारखान्यात तिचा हात थरथरताना कोणी पाहिलेला नव्हता, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

मग तिने उजवा हात टेबलावर पुढे केला, कोपर कुठेही न टेकवता, आणि तसाच अधांतरी धरला. बोटांची टोकं थरथरत होती. चांगलीच. सहीबाईंनी एकदा पाहिलं आणि कागदाकडे मान खाली घातली.

"दोन वर्षं झाली," आत्या म्हणाली. "सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ती माझी चूक."

"म्हणजे प्रश्न मिटला," साहेब म्हणाले, आणि त्यांचा सुटकेचा श्वास सगळ्यांना ऐकू आला. "हाताळणीतील चूक. एक नग बाद, एक नवा फोडू, चारच्या आत लॉट बाहेर."

"लिहा," आत्या म्हणाली. "मी सही करते. म्यान सुटेना, बोटं धड पकडेनात, म्हणून मी ते पिळलं. आता आठवतंय मला. पिळून काढलं म्हणून गोल ओरखडा आला. कागदावर स्पष्ट लिहिलंय, सरळ ओढा, पिळू नका. मी पिळलं."

सहीबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"पण आणखी एक ओळ लिहा," आत्या म्हणाली. "तिकडे म्यान कोण काढतं, ती."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"तिकडे रुग्णालयात. मी इथे खुर्चीत बसते, दिवा डोक्यावर, घाई कोणाला नाही, हात टेकायला टेबल. तिकडे सिस्टर उभी असते. हातात दोन-दोन हातमोजे, तेही ओशट. समोर माणूस झोपलेला, छातीत कळ येतेय म्हणून कण्हतोय, आणि डॉक्टर हात पुढे करून उभा. म्यान निघेना. तिचा हात तेव्हा थरथरणार नाही असं लिहून देणारा कोण आहे इथे? त्याने द्यावं, मग मी जाते."

साहेबांनी सूचनेचा कागद तिच्याकडे सरकवला.

"सूचनेत छापलंय, आत्या," साहेब म्हणाले. "सरळ ओढा."

"माझ्याही कागदावर छापलंय. सव्वीस वर्षं वाचतेय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझे चाळीस कसे फुटले मग?" मी म्हणालो. "चाळीसही उभे. मी कोणती जादू केली? नाचता येईना अंगण वाकडं असं होतंय हे, आत्या. हात तुझा, आणि फुगा वाईट."

हे मी चारचौघांत बोललो. तिला.

ती उठली, डबा उचलला. "चल, काढून दाखव," म्हणाली. "तुझ्या हातांना काही झालेलं नाही ना?"

आम्ही सगळे खाली आलो. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. बाहेर खोकी रचून ठेवली होती, वर पत्ता चिकटवलेला. आत्याने लॉटमधलं एक पाकीट माझ्या हातात दिलं. मी फाडलं. नळी काढली, टोक धरलं, आणि माझा हात आपोआप टेबलावरच्या पाण्याच्या टाकीकडे गेला.

आत्याने टाकीवर तळहात आडवा धरला.

"कोरडं काढ," ती म्हणाली.

"का?"

"सूचनेत कुठे लिहिलंय बुडवायचं?"

मी तसाच उभा राहिलो. वर प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर पाण्याची टाकी डाव्या हाताला आहे, अगदी लागून. पाकीट फाडलं की मी फुगा म्यानासकट क्षणभर कोमट पाण्यात बुडवायचो आणि मग म्यान काढायचो. ओलं म्यान लोण्यासारखं सुटतं. मी कधी ठरवून केलं नाही. पहिल्या दिवसापासून तसंच करत होतो, चाळीसही वेळा, म्हणून ते कुठे लिहावं असं मला सुचलंच नाही. जे हात आपोआप करतात ते डोक्याला कोण कळवणार?

आत्याने डबा उघडला. आत माझ्या चाळीस चाचण्यांची काढून टाकलेली म्यानं होती. नियमाप्रमाणे ती वर्षभर सांभाळून ठेवतात. "बारा ते दोन कोठारात बसून हेच बघत होते," ती सहीबाईंना म्हणाली. "सगळ्यांना आतून पाण्याचे डाग. याला लहानपणापासून बिस्किट बुडवल्याशिवाय खाता येत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती."



मी कोरडं धरलं. ओढलं. म्यान हललं नाही. जोर लावला, तर म्यान रबरासारखं ताणलं गेलं आणि जागचं सुटलं नाही. साहेब माझ्या डाव्या खांद्याशी, सहीबाई उजव्या, आणि समोर आत्या, टाकीवर हात ठेवून. माझ्या बोटांना घाम आला. पिळायचं नाही, हे मला माहीत होतं. ती सूचना मीच लिहिलेली होती. मी बोटं बदलली, पुन्हा धरलं, ओढलं, आणि म्यान निघालं.

"पिळलंस," आत्या म्हणाली.

"नाही पिळलं."

"मीही सकाळी नाही म्हणाले असते."

फुगा पाण्यात सोडला. झाकण लावलं. पंप मी फिरवायला गेलो तर ती म्हणाली, "राहू दे, तू नुसता बघ," आणि सहीबाईंना फिरवायला लावलं. बारा. चौदा. सोळा. खोलीत तबकडीच्या काट्याची किरकिर ऐकू येत होती. अठरा. मी मनात म्हणत होतो, उभी, उभी. आयुष्यात मी इतक्या कळकळीने कुठली प्रार्थना केली नव्हती. साडेअठरा.

टप्.

आधी साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग सहीबाईंनी. दोघंही माझ्याकडे न बघता बाजूला झाली, तेव्हाच मला कळलं, तरी मी वाकून पाहिलं. कंबरेभोवती गोल ओरखडा, आणि त्याला धरून चीर. आडवी. माझ्या बत्तीस वर्षांच्या, जराही न थरथरणाऱ्या हातांनी केलेली.

साहेबांनी कपाळ पुसलं. "मग सूचनेत लिहू या ना," ते म्हणाले. "आधी पाण्यात बुडवा, मग ओढा. आजच छापून पाकिटात टाकू."

"लिहिलेलं वाचायला तिथे वेळ असता तर सरळच ओढलं असतं, साहेब," आत्या म्हणाली.

सहीबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. आमच्या कारखान्यात याहून मोठा नकार नाही. खोकी परत आत आली. रुग्णालयाला फोन साहेबांनी केला, आणि सांगायचं ते खरं सांगितलं, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. तिघांपैकी दोघांची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. दोघंही महिन्याभराने घरी गेले, पण ते घरी जाईपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही. तिसरे म्हणाले, मी थांबतो.

त्याच दुपारी आत्याने दुसरा एक कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं की हात थरथरत असल्याने मला फोडण्याच्या टेबलावरून काढावं. सही केली, टेबल पुसलं, खिडकीतली छोटी कुंडी उचलली आणि पॅकिंग विभागात जाऊन बसली. सव्वीस वर्षांचं काम आवरायला तिला दहा मिनिटं लागली.

संध्याकाळी घरी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ती भाजी चिरत होती. सुरी नीट धरण्यासाठी तिने मनगट फळीवर दाबलं होतं.

"साहेबांना तू सांगितलंस," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"हो."

"कधी कळलं तुला?"

"दोन वर्षांपूर्वी. तू कप अर्धा भरायला लागलीस तेव्हा."

"मग दोन वर्षं मूग गिळून का बसलास?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

तिने सुरी खाली ठेवली. "आणि आज?"

तिघे जण थांबले होते, असं म्हणता आलं असतं. तिनेही ऐकून घेतलं असतं. पण ते खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की आज फुगा माझा होता.

तिने सुरी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची आतली स्प्रिंग तुटली होती. हात हलला म्हणून. मी शेजारी उभी होते, पंधरा वर्षांची. त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, घड्याळच मुळात खराब होतं. तो बिचारा माफी मागून गेला. त्यानंतर बाबा माझ्या नजरेला नजर देईनात." तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "तू सांगितलंस ते एका परीने बरं केलंस. मला जड जात होतं. पण मला आधी विचारायला हवं होतंस, गाढवा."

नवं म्यान करायला मला नऊ आठवडे लागले. तोंड कर्ण्यासारखं पसरट, आतली कड गोल केलेली, आणि ओढायला एक चपटी पट्टी, अशी की ती धरून पिळायचं म्हटलं तरी पिळता येत नाही. टाकी माझ्या टेबलावरून मी स्वतः उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. चाचणीच्या कागदावर मी एक नवी ओळ घातली: म्यान कोरडे असावे, आणि हात थरथरणाऱ्या व्यक्तीने काढावे. सहीबाईंनी कागद परत पाठवला. "व्यक्ती म्हणजे कोण?" त्यांनी समासात लिहिलं होतं. मी खाली लिहिलं, "पॅकिंग विभागात बसते ती."

आत्या आली. तिच्या जुन्या टेबलाशी आता दुसरीच मुलगी होती. फोडायचं काम तिचं. आत्या शेजारी बसली. कोपर टेकवलं नाही, मनगट दाबलं नाही, हात जसा थरथरत होता तसा थरथरू दिला, आणि साठ म्यानं काढली. कितीतरी तिने मुद्दाम वाकडीतिकडी ओढली. काही डोळे मिटून. मी या वेळी मागे नाही, समोर उभा होतो. साठच्या साठ उभे फुटले. खाली सही करायला तिला पेन दिलं, तिने हात न टेकवताच सही केली, तर सहीबाई म्हणाल्या, "आत्या, ही सही तुमच्या जुन्या सहीशी जुळत नाही."

"नाहीच जुळणार. नवीन नोंदवून घ्या," आत्या म्हणाली.

तिसरे गृहस्थ त्याच फुग्याने बरे झाले, असं पुढच्या महिन्यात रुग्णालयाने कळवलं. ते पत्र घेऊन मी घरी आलो तेव्हा आत्या चहा गाळत होती. मी वाचून दाखवलं. तिने ऐकलं, माझा कप भरला, मग स्वतःचा भरला, काठोकाठ. उचलला तेव्हा निम्मा बशीत सांडला. तिने आधी कपातला चहा प्यायला आणि मग बशीतला.